अण्णांच्या मोटारीचं हँडल

हिंगोली, दिवाळीनंतरचा शनिवार, १९४६

लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हापासून मोटार गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी आहे. मग अण्णाही गेले. उद्या गिऱ्हाईक येणार, म्हणून आज त्यांचे जुने ड्रायव्हर रहीमचाचा इंजिन बघायला आले. ते जाम झालं असेल असंच मला वाटत होतं. की तसं व्हावं असं वाटत होतं?

हँडल मी देवघरातून आणलं. खंडेनवमीचं कुंकू अजून त्यावर होतं. चाचांनी ते मोटारीच्या पुढून इंजिनाला लावून हळूच जोर दिला. आतून तो ओळखीचा सुस्कारा आला आणि इंजिन फिरलं. जवळा बाजार गावाला निघताना अण्णा असंच फिरवायचे, आणि आम्ही लेकरं मागच्या सीटवर श्वास रोखून बसायचो.

"हे कोणीतरी बराबर फिरवून राहिलंय, बेटा," चाचा म्हणाले.

आई दारातच उभी होती. "व्हय, मीच. दरसाली हँडलाची पूजा झाली की एक फेरा देते. तुझे अण्णा द्यायचे न्हाई का?"

तळहाताचं कुंकू धुतलं तरी निघालेलं नाही. गिऱ्हाईकाला काय सांगावं, सुचत नाही. पण हँडल मी परत देवघरात ठेवून आलोय.