रंगांचा रकाना

३ मार्च, सोमवार

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवते. डिसेंबरात दादाच्या व्हॅनचं इंजिन बसलं. व्हॅन हेच त्याचं दुकान: कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली की हा हत्यारं घेऊन तिथे पोचतो, वायरिंग बघतो, गाडी चालू करून देतो. व्हॅन नाही तर काम नाही. जानेवारीत मी सुचवलं, की जुनं इंजिन उघडत बसण्यापेक्षा कॉम्प्युटरवर चालणारं इंजिन बसवावं. फेब्रुवारीत भंगारवाल्याकडून एका आपटलेल्या गाडीचं इंजिन आणलं. सोबत तिचं हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा जुडगा, तिचा कॉम्प्युटर आणि तिची किल्ली. काल इंजिन जागेवर बसलं. आता प्रश्न मेंदूचा, म्हणजे कॉम्प्युटरचा आहे आणि तिथे आमचं जमत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. प्रोग्रॅम करता येणारा नवा कॉम्प्युटर घ्यावा, वायरिंग नव्याने ओढावं. पंचवीस वर्षं मी नियंत्रणशास्त्र शिकवते. इंधन किती आणि ठिणगी केव्हा, हे मी ठरवीन.

दादा म्हणाला, "कंपनीचाच राहू दे गं. उद्या कुठे अडकलो तर तिथला कुणीही मेकॅनिक उघडून बघेल. तुझा मेंदू बिघडला तर काय, तुला वर्गातून उठवून आणायचं?"

"येतील की!" वहिनी आतून म्हणाल्या. "आधी लेखी अर्ज द्यावा लागेल, एवढंच."

कंपनीचा ठरला. व्हॅन त्याची, म्हणून मान्य केलं. पटलं म्हणून नव्हे.

८ मार्च, शनिवार

आकृती अकरा पानांची केली. प्रत्येक वायरीचा क्रमांक, कुठून कुठे, आणि स्वतंत्र रकान्यात रंग – सगळं कंपनीच्या पुस्तकाबरहुकूम. यापेक्षा स्वच्छ आकृती त्याने जन्मात पाहिली नसेल.

आणि तो ती वाचत नाही! वहिनींना स्टुलावर बसवून वाचून घेतो. "सत्तावीस नंबर सांग. रंग नको, कुठून कुठे जाते तेवढं सांग." शुद्ध आळस. मग मीटर लावून वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बझर वाजवून बघतो, आणि दोन्ही टोकांना दोऱ्याच्या गाठी मारतो. रंग समोर दिसत असताना! दिवसभरात नऊ वायरी. मी चाळीस केल्या असत्या. पण कामाची वाटणी झाली आहे: वायरी त्याच्या, डॅशबोर्ड आणि किल्लीचं कुलूप माझं.

१२ मार्च, बुधवार

दादाने आणलेल्या टोमॅटोंत निम्मे हिरवेगार. "हे दाबून बघून आणतात," वहिनी म्हणाल्या. हीच ढिलाई सगळीकडे.

१६ मार्च, रविवार

आज किल्ली फिरवली. इंजिन फिरतं, पेट घेत नाही.

"डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकतोय बघ," दादा म्हणाला. "आधी तिथे बघ."

मी आधी कॉम्प्युटरचा कनेक्टर उघडला. मला संशय होताच. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, सेन्सरच्या दोन वायरी आकृतीच्या नेमक्या उलट: हिरवीच्या जागी तपकिरी, तपकिरीच्या जागी हिरवी.

"दादा, हे काय आहे?"

तो वाकून बराच वेळ बघत राहिला. "बझर तर वाजला होता गं," एवढंच बोलला.

दोन्ही वायरी काढून मी रंगांप्रमाणे बसवल्या. किल्ली फिरवली. तीन सेकंद. मग वास.

जिथे पाच व्होल्ट चालतात तिथे बॅटरीचा पूर्ण दाब गेला. कॉम्प्युटर संपला. हा कॉम्प्युटर आणि ही किल्ली एकमेकांना ओळखतात. दुसरा नुसता आणून लावला तर तो ही किल्ली मानणार नाही.

वहिनींसमोरच बोलले. "अकरा पानं काढून दिली होती. हिरवं कुठलं नि तपकिरी कुठलं, एवढंही बघता येत नाही? अजून किती ठिकाणी असा गोंधळ घालून ठेवला आहेस?"

दादाने हात पुसले. "माझंच चुकलं असेल."

असेल नव्हे, आहे!

२० मार्च, गुरुवार

वहिनींचा फोन. दादाने व्हॅनवरची दुकानाची पाटी उतरवली. मीटर शेजारच्या गॅरेजवाल्याला देऊन टाकला. "म्हणतात, स्वतःच्या हातावर भरवसा उरला नाही, तर लोकांच्या गाड्यांना कशाला हात लावू. दिवसभर खुर्चीत बसून असतात. काहीतरी बोला हो तुम्ही त्यांच्याशी."

वाईट वाटलं. तरी वस्तुस्थिती ती वस्तुस्थिती. प्रोग्रॅम करता येणारा कॉम्प्युटर मागवला. खरं लिहायचं तर, मागवताना बरं वाटलं.

२३ मार्च, रविवार

आणखी कुठे कुठे चुकला आहे, त्याची पूर्ण नोंद असावी म्हणून हार्नेसवरची जुनी टेप सोलून काढली. हातचं काही न राखता लिहिते.

सेन्सरपासून दोन वितींवर सांधा आहे. जुना, आधीच्या गाडीत कुणीतरी केलेला. त्याने हिरवीला तपकिरी जोडली आहे आणि तपकिरीला हिरवी. वरून टेप. म्हणजे सांध्याच्या अलीकडचे रंग पुस्तकाप्रमाणे, पलीकडचे उलट. दादाने जोडलं होतं तेच बरोबर. मी ते "सुधारलं" आणि कॉम्प्युटर जाळला.

मग आधी इंजिन पेट का घेत नव्हतं? कुलपाभोवती एक कडं असतं, ते किल्ली ओळखून कॉम्प्युटरला कळवतं. ते बसवायचंच राहिलं होतं. माझं काम. कडं माझ्याच डब्यात होतं, चिठ्ठी चिकटवून, नीट.

गाठी मोजल्या. एक गाठ, दोन गाठी, दोन गाठींनंतर जागा सोडून एक... प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना तीच खूण. चौसष्ट वायरी. एकही चूक नाही. आणि रंगाचा कुठेही आधार घेतलेला नाही.

घरी येऊन वहिनींना फोन केला. "दादाला रंग दिसत नाहीत का?"

त्या म्हणाल्या, "हिरवा, तांबडा, तपकिरी – एकच सगळं. लग्नानंतर महिन्याभरात कळलं मला. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. तुम्हाला तर नाहीच नाही."

"मलाच का नाही?"

"तुमचं बोलणं कसं असतं, ठाऊक नाही का तुम्हाला?"

मी चौदा वर्षांची असताना दादा कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी परीक्षेत पहिला आला होता. शेवटच्या वैद्यकीय तपासणीला गेला तो परत आला, म्हणाला, "मला नाही करायची कुणाची चाकरी." तेव्हा मी त्याला घाबरट म्हटलं. तोंडावर. चाळीस वर्षं तेच मत धरून बसले.

मागच्या रविवारी तो कनेक्टरवर वाकून बघत राहिला, तेव्हा त्याला काय दिसलं असेल? दोन सारख्या वायरी, आणि वरून खात्रीने बोलणारी मी.

२४ मार्च, सोमवार

सांध्याचं अजून कुणालाच माहीत नाही. मला हवा होता तोच कॉम्प्युटर परवा येतो आहे. गप्प राहिले तर सगळं माझ्या मनासारखं होतं. पाटी तेवढी खाली राहते.

२६ मार्च, बुधवार

नवा कॉम्प्युटर पेटी न उघडता परत पाठवला. आज सकाळी दादाच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. नक्कल:

"दादा, सोळा तारखेची चूक माझी. तुझ्या वायरी बरोबर होत्या. किल्लीचा दिवाही तू दाखवला होतास. चौदा वर्षांची असताना जे बोलले तेही चूक. मीटर गॅरेजवाल्याकडून परत आणला आहे. कंपनीचाच कॉम्प्युटर, त्याच्या किल्लीसकट, भंगारवाल्याने शोधून दिला. जुनं हार्नेस काढून टाकू. नव्या वायरची गुंडाळी घेतली आहे, सगळी काळी. आकृती पुन्हा काढली. रंगांचा रकाना नाही. त्या जागी गाठींचा आहे, पण तो कोरा आहे, कारण तुझ्या गाठी मला येत नाहीत. तू भरणार का? तोंडी सांगू नकोस, तोंडी तू नुसतं 'बघू' म्हणतोस. लेखी उत्तर हवं."