वरचा बाण, दोनदा

मेव्हणेबुवांना सप्रेम नमस्कार. तुमची मान आता कशी आहे? (पडद्यासमोर बसणाऱ्यांनी ती अधूनमधून माणसांकडेही वळवावी, असं तुमची ताई म्हणते. मी नव्हे.) इकडे सर्व क्षेम, बाबांच्या आत्मचरित्राचं बारावं प्रकरण सोडून.

बाबांचं जुनं लिहिण्याचं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून गेल्या महिन्यात तुम्ही येऊन नव्याच्याच पोटात दुसरा, जुन्या वळणाचा आभासी कॉम्प्युटर बसवून गेलात. तो स्वतःला स्वतंत्र समजतो. जागा, वीज सगळं मालकाचं. (वीस वर्षं सासऱ्यांच्या घरी राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.) आत अडकलेला माउस उजवीकडचं कंट्रोल दाबलं की सुटतो, असं तुम्ही कपाटावर चिकटवलेल्या कागदावर आहे. माझ्यासाठी तसं बटण कुठे दिसलं नाही.

रोज सकाळी ते यंत्र मी सुरू करतो. पडद्यावरच्या, आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत वरचा बाण एकदा दाबला की कालचीच आज्ञा परत येते, मग एंटर. दोनदा दाबला तर त्याआधीची वेगळी येते (रोजची तीच ती आज्ञा खिडकी एकदाच धरते), आणि ती होती तुम्ही जाताना करून दाखवलेली, यंत्राला त्या दिवसाच्या स्थितीत परत नेणारी. (आम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या.) गेल्या आठवड्यात मंगळवारी हातात चहा होता, बोट घसरलं, आणि यंत्र महिनाभर मागे गेलं. बाराव्या प्रकरणाची अठरा पानं गेली.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस दोन दिवस नुसता चष्मा पुसत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जावईबापू, बसा. मी सांगतो, तुम्ही टाइप करा." आठवडाभर तेच चाललंय. तरी त्यांना पहिलंच हवंय. तुम्ही दर रविवारी तिकडून यंत्राची प्रत काढून घेता, तीत ती पानं शोधावीत, ही त्यांची विनंती.

आपला,
भाऊजी

ता. क. : इथवरचं बाबांनी वाचून, दोन अनुस्वार दुरुस्त करून माझ्या हाती दिलं. हे पोस्टात उभ्याने लिहितोय. बोट घसरलं नव्हतं. आदल्या दिवशी मी ते प्रकरण चोरून वाचलं. माझ्यावर एकच वाक्य : 'जावई निरुपद्रवी आहे.' मांजरीला दीड पान!

ता. ता. क. : काल बाबांनी सांगितलं आणि मी टाइप केलं : 'मुलगा कागद चिकटवून गेला, शेजारी बसला तो जावई.' (एक मिनिट वाईट वाटून घ्या, मग पुढे वाचा.) पुढच्या वाक्याला मला पडदाच दिसेना, ते त्यांनीच एका बोटाने टाइप केलं. तेव्हा जुनी पानं सापडली, तर न सापडल्याचं कळवा. बोट काय, तुमचंही घसरू शकतं.