बी लिहिलेली बाटली

३ मार्च, सोमवार
आज चाळीस काचांवरचे डाग मोजले. मान धरलीय.
उंदरांच्या डोळ्याचा पडदा लेसरने भाजायचा, लगेच ए किंवा बी बाटलीतली सुई द्यायची. एकीत औषध, दुसरीत मिठाचं पाणी. कुठल्या बाटलीत काय, ते प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. टिलमन यांच्या कपाटातल्या बंद पाकिटात. मी फक्त सूक्ष्मदर्शकाखाली डाग मोजते. तीन वर्षं हेच!
बीचे डाग जरा लहान वाटतात. पण मला काही वाटणं हे माझं कामच नाही.

११ मार्च
आमचा लेसर चालवणाऱ्या एलिसेओने घोळ घातला. लेसर जुळवताना चष्मा काढला. सगळेच काढतात – चष्म्यातून किरणच दिसत नाही मेला! तोच किरण उजव्या डोळ्यात गेला. आता समोरच्याचे कान दिसतात, नाक नाही.
"दवाखान्यात चल."
"एक लेखी समज मिळालीय, नेल्डा. दुसऱ्यांदा नोकरीच जाईल. तू मोजतेस ना? सांग, ए की बी?"
मी बी म्हणाले. त्याच्या वजनाचा अंदाज घेऊन मांडीत सुईही मीच दिली. उंदरांचं औषध!

१५ मार्च
त्याच्या मुलीची सॉफ्टबॉलची मॅच. टाको खाता खाता म्हणाला, "डोळ्यापुढचा डाग आकसतोय गं! पोरीच्या नाकाचा शेंडा दिसला."
किती बरं वाटलं! आज मान दुखली नाही.

१९ मार्च
बीचे डाग लहान. फारच लहान.

२४ मार्च
पुन्हा म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.
"कशाला? तुझं औषध लागू पडलंय. उगाच नाट लावू नकोस."
मीही ताणलं नाही. थकले होते. खरं म्हणजे, मला ते ऐकायचंच होतं.

२ एप्रिल
पाकीट फोडलं. बी म्हणजे मिठाचं पाणी.
डॉ. टिलमन आकडे बघत राहिले. "दहा मार्चपर्यंत दोन्हींत फारसा फरक नाही. मग अकरानंतर बीचे डाग एवढे लहान कसे, नेल्डा?"
मला माहीत होतं कसे. बीच्या डागाची कड पुसट असली की मोजमापाची रेघ मी आतून काढत होते. मुद्दाम नाही. देवाशपथ, मुद्दाम नाही!
तीन वर्षांचं काम. आणि एलिसेओचे उपचाराविना गेलेले बावीस दिवस.

३ एप्रिल
सकाळी एलिसेओ हसत आला. "पाकीट फुटलं म्हणे! जिंकलो ना?"
"डावा डोळा झाक. माझ्याकडे बघ. नाक दिसतं?"
हसू गेलं.
"नाही," म्हणाला. "कधीच दिसलं नव्हतं."
त्याचा हात धरून टिलमनच्या खोलीत नेलं. आधी मी बोलले.