दातांनी ऐकलेली गाडी

प्रिय ठिणगी,

गाडी घे. आईने तुला शनिवारीच तेवढं कळवलं आहे, पण ती आम्ही तपासली कशी, हे तिने सांगितलं नसणार. त्याबाबत मी तिला शपथ घातली होती. आज ती मीच मोडतोय, तेव्हा निवांत बस आणि वाच.

तुझा निरोप आईमार्फत आला, 'बाबांना वेळ असेल तर ती गाडी बघून येतील का?' वेळ असेल तर म्हणे. गॅरेज बंद केल्यापासून माझ्याकडे वेळाशिवाय दुसरं आहे काय? दोन वर्षांत तू पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलंस. मी लगेच टॉर्च, फडकं आणि माझा तो इंजिन ऐकायचा लांब स्क्रूड्रायव्हर काढून लख्ख पुसून ठेवला. आई म्हणाली, मुलगी बघायला निघाल्यासारखे काय नटताय. जेवायला बसलो तेव्हा मात्र जायचं कसं टाळावं याची निमित्तं शोधू लागलो. कारण एक गोष्ट मला माहीत होती आणि तुला नव्हती. मला ऐकू येत नाही.

लिहून टाकलं एकदाचं. 'कानवाले मिस्त्री' म्हणून ज्याच्याकडे लोक लांबलांबून गाड्या घेऊन यायचे, त्याच्या कानांनी दगा दिला. आधी बारीक आवाज गेले, मग मोठे; शेवटी कोणी कानाशी ओरडलं तरच शब्द कळायचे. गुडघे दुखतात म्हणून गॅरेज बंद करतोय असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं, पण माझे गुडघे ठणठणीत आहेत. एका गिऱ्हाइकाला 'इंजिन उत्तम' असं छातीठोकपणे सांगून पाठवलं आणि त्याची गाडी पुढच्या वळणावर बंद पडली. त्याच दिवशी मी शटर ओढलं. तेव्हापासून नुसती सोंगं. लोक बोलले की मान डोलवायची, लोक हसले की हसायचं, फक्त जरा उशिरा. मला वाटायचं, आईशिवाय कोणालाच पत्ता नाही. गल्लीतल्या झाडून सगळ्यांना माहीत होतं, हे मला परवा कळलं.

आणि आता तुझी गाडी. तू तिच्यातून रोज त्या चढ-उतारांच्या रस्त्याने एकटी कामाला जाणार. माझ्या शब्दावर जाणार. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागतं, आणि जावं तर कान कुठून आणायचे? शेवटी आईला बरोबर घेतलं आणि निघालो.

गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची, राखाडी रंगाची, आठ वर्षांची. त्यांचं घर दवाखान्याच्या मागेच आहे. डोळ्यांनी आणि हातांनी करायचं ते सगळं मी झोकात केलं. दाराच्या कडेचं रबर उचलून आतला रंग बाहेरच्या रंगाशी ताडून पाहिला; एकच होता, म्हणजे गाडी ठोकून पुन्हा रंगवलेली नाही. डिकीतला गालिचा उचलून नाक खुपसलं, ओलीचा वास नाही. टायरवर तळवा फिरवला. क्लचच्या पेडलचं रबर पाहिलं, ते मीटरवरच्या आकड्याला शोभेल एवढंच झिजलेलं होतं. मग बॉनेटवर हात ठेवला, तर ते कोमट. तुला आठ वर्षांची असताना स्टुलावर उभं करून पहिला धडा हाच दिला होता, गाडीची खरी खोड ती थंड असताना, पहिल्यांदा चालू करताना कळते. बाई ओशाळल्या. सकाळीच दूध आणायला गेले होते म्हणाल्या. मी म्हटलं, थांबू. दोन तास आम्ही त्यांच्या पायरीवर बसलो. चहा झाला, आणि तुझी आई ती, स्वस्थ बसणार थोडीच. तिने त्यांच्या पडद्याची उसवलेली शिवण घालून दिली. खरं सांगायचं तर ते इंजिन दिवसभर गार होऊ नये असंच मला वाटत होतं.

ते गार झालं. बाईंनी चावी फिरवली. गाडी थरथरली, त्यावरून मला कळलं की इंजिन चालू झालं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले, मान डोलवली. सोंग झकास वठलं. ऐकू काहीच आलं नाही. 'घे' म्हणालो असतो तर तुझ्या जिवाशी खेळ, 'नको' म्हणालो असतो तर बिचाऱ्या बाईंच्या गाडीवर उगाच बट्टा. विचार करायला जरा वेळ मिळावा म्हणून मी दोन्ही हातांनी एक पाइप बाजूला करायला वाकलो आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली. टोक पुन्हा इंजिनाला टेकलं. आणि ठिणगे, माझ्या डोक्यात अख्खं इंजिन वाजायला लागलं.

मी हललोच नाही. चारही सिलिंडर एका लयीत, आणि मधूनच एका झडपेची हलकी टिकटिक. दोन वर्षांनी इंजिन ऐकत होतो. डोळ्यांतून पाणी आलं, नाकावरून ओघळलं, पण मी मूठ सोडली नाही. बाई गाडीतून उतरून हातवारे करत धावत आल्या. त्या काय म्हणत होत्या ते आईने नंतर सांगितलं, 'आजोबा, समोरचा दात जाईल हो तुमचा!'

मग गाडी चालवून पाहिली. मी पुढे, आई मागे. डावीकडे वळलो की तिला काहीतरी ऐकू यायचं आणि ती माझ्या खांद्यावर थाप मारायची. तिसऱ्या वळणाला तिने माझ्या कानाशी ओरडून सांगितलं, पुढून घूं घूं येतंय, माझ्या मशीनच्या चाकाला तेल नसलं की येतं ना, तसं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणजे उजव्या चाकाचं बेअरिंग. पस्तीस वर्षं गॅरेजच्या माडीवर बसून कपडे शिवता शिवता ही बाई माझ्या सगळ्या गाड्या ऐकत आली आहे, आणि मला ते कधी विचारायचं सुचलं नाही. तर काम दोनच, बेअरिंग बदलणं आणि झडप जुळवणं, आणि दोन्ही करून द्यायला डॉक्टरीणबाई तयार आहेत.

पण आईकडून सगळं कळल्यावर त्यांनी आम्हाला जाऊ दिलं नाही. मला आत नेऊन खुर्चीत बसवलं आणि कागदावर लिहून दाखवलं, 'दातांनी ऐकू येतं म्हणजे आतलं शाबूत असणार. कान कधी दाखवलेत?' मी कसला दाखवतोय. त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कानाचा डॉक्टर आहे. सोमवारी त्याने लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी वाजवून माझ्या कानामागच्या हाडाला टेकवलं आणि मग चित्र काढून समजावलं. कानात तीन चिमुकली हाडं असतात, एक दुसऱ्याला हलवतं, दुसरं तिसऱ्याला. माझं तिसरं जाम झालंय. मी म्हटलं, म्हणजे इंजिन ठीक आहे, नुसता सांधा अडकलाय. त्याने हसून मान डोलवली, अगदी तसंच. मी मिस्त्री असून दोन वर्षं इंजिन गेलं म्हणून सुतक धरून बसलो होतो. एकदाही बॉनेट उघडून पाहिलं नाही.

गुरुवारी कानाचं यंत्र बसलं. घरी आल्या आल्या पहिल्यांदा ऐकलं ते आईचं शिलाई मशीन. केवढं करकरत होतं. लगेच तेल घातलं. मग लक्षात आलं की शिवताना ती गुणगुणते. मी हे विसरूनच गेलो होतो. काल दिवसभर मी काहीबाही निमित्त काढून तिच्या आसपास घोटाळत होतो. शेवटी तिने हाकललं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. दोन वर्षांपूर्वी तू नव्या गावी गेल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला होतास. 'आई, तू नको, बाबांना दे' म्हणालीस. तू बराच वेळ बोललीस. मला नुसती गुणगुण ऐकू येत होती, शब्द एकही नाही. मग गुणगुण थांबली. काहीतरी विचारलं होतंस आणि उत्तराची वाट बघत होतीस. मी 'बघू' म्हणालो आणि फोन आईच्या हातात दिला. आईने खूप विचारलं, पण तू 'काही नाही' म्हणालीस. त्यानंतर तू कधी माझ्याशी बोलायला मागितलं नाहीस, आणि मीही फोन वाजला की अंगणात जाऊ लागलो. तुला वाटलं असेल, बाबा रागावलेत. नाही गं. मी एक दिवसही तुझ्यावर रागावलो नाही. मला फक्त लाज वाटत होती. तर हे पत्र मिळाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी चार वाजता फोन कर. आईला उचलू देणार नाही. त्या दिवशी काय विचारलं होतंस, ते पुन्हा विचार. प्रश्न शिळा झाला असेल, त्याच्या उत्तराची आता तुला गरजही नसेल. तरी विचार. मला तो ऐकायचा आहे.

तुझाच,
फोनशेजारी खुर्ची ओढून बसलेला
बाबा