दोरीच्या जागेचे दोन मालक

मी, खाली सही करणारी, कोपऱ्यावरच्या लाँड्रीची मालकीण, वय बहात्तर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, कान शाबूत आहेत, आणि बिघडले आहे ते फक्त हृदय. आज दुपारी मला हॉस्पिटलात भरती व्हायचे आहे आणि उद्या सकाळी डॉक्टर ते उघडणार आहेत. मोठ्या डॉक्टरांना विचारले, "उठेन ना मी?" ते म्हणाले, "बघू या." शिंपी "बघू या" म्हणाला की कपडा वेळेवर मिळत नाही, एवढे मला कळते.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. दबाव आहे, वर्षभर आहे, पण तो हे करू नये म्हणून आहे. समोर वकीलबाई बसल्या आहेत. त्यांनी मसुदा करून आणला होता, पण त्यात मी कुठेच दिसेना, म्हणून स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

कलम एक. लाँड्रीतली दोन्ही यंत्रे, इस्त्रीचे टेबल आणि गिऱ्हाइके माझ्या सुनेला द्यावीत. ती इस्त्री माझ्यापेक्षा चांगली करते. हे तिला कधी सांगितले नाही, कारण सांगितले असते तर डोक्यावर बसली असती. आता खुशाल बसू दे.

कलम दोन. लाँड्रीच्या वरचे राहते घर माझ्या मुलाला. जिन्याची तिसरी पायरी हलते, ती त्याने आधी पक्की करावी. दर वर्षी करतो म्हणतो.

कलम तीन. माझ्या नणंदेने उसने नेलेले शिवणयंत्र तिलाच दिले असे समजावे, म्हणजे परत मागायची कटकट संपली. मात्र ती भेटायला आली आणि "वहिनीचा माझ्यावर फार जीव होता" असे म्हणू लागली, तर तिला चहा देऊन विषय बदलावा. असे मृत्युपत्रात लिहीत नाहीत, असे वकीलबाई म्हणतात. मी लिहिते.

कलम चार. आता खरे दुखणे. लाँड्रीच्या मागे माझी मोकळी जमीन आहे. तिथे माझ्या कपड्यांच्या दोऱ्या बांधलेल्या असतात, म्हणून सगळे तिला दोरीची जागा म्हणतात. तिला लागूनच टेंगूळ आहे. टेंगूळ म्हणजे वस्तीच्या मधोमध उभा असलेला अख्खा काळा खडक. नाव कोणी ठेवले कोण जाणे, पण दिसतो तसाच. त्याच्या पोटातून बारा महिने पाणी पाझरते आणि खालच्या साऱ्या विहिरी त्यावर चालतात, माझा धंदाही. नवरा गेला तेव्हा घर माणसांनी भरले होते, रडायला कोपरा उरला नव्हता. मी त्या खडकाला पाठ लावून पोटभर रडले. मला तो फार आवडतो. मृत्युपत्रात कारण द्यावे लागत नाही, तरी दिले.

बिल्डरला टेंगूळ सुरुंगाने उडवून तिथे इमारती बांधायच्या आहेत. खडक त्याच्या नावावर झालासुद्धा. फक्त तिथवर ट्रक नेता येत नाही. एका बाजूला नाला, दुसरीकडे शाळेची भिंत, तिसरीकडे सरळ कडा. वाट उरते ती दोरीच्या जागेतून, म्हणजे माझ्या ओल्या चादरींमधून. मी विकत नाही म्हणून त्याचे घोडे अडले आहे. पण मी काही न लिहिता गेले, तर जागा आपोआप मुलाकडे जाईल. मुलगा त्याच बिल्डरकडे डंपर चालवतो आणि त्याने शब्द देऊन ठेवला आहे.

मुलगा लबाड नाही, दमलेला आहे. मला म्हणाला, "आई, दगडासाठी का कुणी जीव टाकतं? तिथं लिफ्टचं घर मिळेल. सुखानं राहू." हे त्याने रागाने म्हटले असते तर मला बरे वाटले असते. तो समजावत होता. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

म्हणून दोरीची जागा मी मास्तर आणि बेकरीवाली या दोघांना, न वाटता, सामाईक देत आहे. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. बेकरीवाली आमच्या समोरची. टेंगूळ वाचवायची समिती या दोघांनीच काढली. मग मोठा अधिकारी भेटायला आला, तेव्हा आधी कोणी बोलायचे यावरून त्याच्यासमोरच दोघांची जुंपली. अधिकारी घड्याळ बघून निघून गेला. तेव्हापासून एकीच्या दोन समित्या झाल्या, दोन फलक झाले, आणि दोन्ही मोर्चे एकमेकांकडे तोंड करून घोषणा देतात. बिल्डर दोघांच्याही कानाला लागतो, "समोरचा सही करतोय, तुम्ही मागं राहू नका." दोघेही मनाने सच्चे आहेत, पण एकमेकांची जिरवायला काय करतील याचा भरवसा नाही. अर्धी अर्धी जागा दिली तर एक अर्धीही ट्रकला पुरेल. सामाईक असली तर विकायला दोघांच्या सह्या एकाच कागदावर लागतील. एकजुटीने जे जमले नाही ते भांडणाने जमू दे.

दोघांना वेगवेगळे बोलावून सांगितले. मास्तर म्हणाले, "तिच्याबरोबर? बरं, माझं नाव वर राहील ना?"

बेकरीवाली म्हणाली, "त्यांचं नाव वर असेल तर मी सही करत नाही."

मी म्हटले, "सही कुणी मागितलीय? सही न करणं हेच काम आहे. ते तुम्हा दोघांना छान जमतं."

सुनेला तिथे हयातभर कपडे वाळत घालता यावेत, एवढीच अट. या कागदातून जे कोणाकडेच जात नाही, ते शाळेला द्यावे.

इथवर लिहून झाले आहे. साक्षीदार दोन लागतात आणि दोघेही एकाच वेळी समोर लागतात. शेजारचा न्हावी वेळेवर येऊन बसला आहे. औषधवाला आलेला नाही. फोन केला तर म्हणतो, "मावशी, माझं पोट बिघडलंय." औषधांच्या दुकानात बसून याचे पोट बिघडले! खोदून विचारले तेव्हा बोलला. सकाळी बिल्डरची दोन माणसे दुकानात येऊन बसली होती. "दुकान भाड्याचं आहे ना तुमचं?" एवढेच म्हणाली.

न्हावी आळीत जाऊन आला. दोन दारे वाजवली, उघडली नाहीत. तिसरे उघडले आणि ऐकून घेऊन मिटले. वकीलबाई टेंगुळाच्या खटल्यात बिल्डरच्या विरुद्ध उभ्या आहेत, त्यांची साक्ष तो टिकू देणार नाही. सुनेला यात मिळते आहे, म्हणून तीही नाही. हॉस्पिटलची गाडी खाली येऊन उभी राहिली आहे. अक्षर बिघडले तर ते भीतीने बिघडले असे समजावे.

पुढचे घडले तसे लिहिते. मुलगा वर आला. त्याच्या हातात बिल्डरचा कागद होता. "आई, इथं सही कर आणि निर्धास्त जा." मग त्याला माझ्यापुढचा हा कागद दिसला. त्याने उभ्यानेच सगळा वाचला. चौथे कलम परत वाचले.

"मला विचारलंसुद्धा नाहीस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

त्याने माझा कागद परत माझ्यापुढे ठेवला. मग न्हाव्याला म्हणाला, "तू इथं कशाला ताटकळलायस?" न्हाव्याने औषधवाल्याचे सांगितले. ती दोन माणसे कशी दिसत होती तेही सांगितले. मुलाचा चेहरा उतरला. तो रोज त्यांच्याबरोबर डबा खातो.

"माझ्या आईच्या घरी कुणी यायचं, कुणी नाही, हे ते ठरवणार?" असे म्हणून त्याने पेन मागितले.

वकीलबाईंनी सांगितले, "साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत तर दुसरं कलम गेलं. घर शाळेला गेलं."

"कळलं. टेंगूळ गेलं खड्ड्यात. मला आजही तो दगडच वाटतो. पण सही मी करणार."

मी पेन मुठीत घट्ट धरले. नाही म्हटले, ओरडलेसुद्धा. पोटच्या पोराला बेघर करायला मी हे लिहायला बसले नव्हते. त्याने माझी बोटे एकेक करून सोडवली.

"मग घराचं काय करू रे?"

"उद्या शुद्धीवर ये," तो म्हणाला, "आणि नवीन लिही."

ठिकाण: लाँड्रीच्या वरचे घर.
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, मंगळवार.

मृत्युपत्र करणारी: सही, लाँड्रीवाली

साक्षीदार एक: सही, न्हावी. बाई पूर्ण शुद्धीत होत्या, रडत होत्या.

साक्षीदार दोन: सही, मुलगा, डंपरचालक. यातून मला काही मिळत नाही, हे वाचून सही केली.