मेथी कोणाच्या ताटात?

११ नोव्हेंबर

मी फॉर्म घरी बसून भरले म्हणे! मी! सहा आठवडे वाडीच्या शाळेत एकेका पोरापोरीजवळ बसली, विचारून विचारून घसा बसला — "जेवणात पालेभाजी किती वेळा असते? फळं? दूध?" एकशे चाळीस पोरंपोरी. आता रक्ताचे रिपोर्ट आले. पालेभाजी खाल्ली की तिचा अंश रक्तात दिसतो. पोरांचं फॉर्म आणि रक्त बऱ्यापैकी जुळलं. पोरींचं काहीच नाही. फॉर्मवर रोज मेथी, रक्तात नावाले नाही!

इंदुताई, आमच्या प्रोजेक्टच्या मोठ्या डॉक्टर, ओरडल्या नाहीत. सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाल्या, "कामिनी, रक्त खोटं बोलत नाही." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

सोमवारपर्यंत कारण सांगायचं. नाहीतर नोकरी गेली. नावही गेलं.

१२ नोव्हेंबर

डोकं चालून नाही राहिलं. पोरी खोटं काहून बोलतील?

१३ नोव्हेंबर

सापडलं!!

संध्याकाळी भूमिकाच्या घरी गेली. नववीतली पोर. फॉर्मवर मेथी रोज, रक्तात सगळ्यात कमी. सरळ विचारणार होती, पण तिची आई कुठं ऐकते — "आल्या त जेवूनच जा ताई." तिचे बाबा गोदामात हमाली करतात, तेही तेवढ्यात आले. बाबा, दोन भाऊ आणि मी पाहुणी, असे बसलो. वाढून राहिली होती भूमिका. लसणाची मेथी, काय चव! मी दोनदा घेतली.

मग मायलेकी बसल्या. भाकर, वरण, ठेचा. कढई रिकामी.

"भूमिका, तुझी मेथी कुठं?"

"संपली ना ताई."

"मग फॉर्मवर रोज काहून सांगितली?"

पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. "रोजच असते ना! मीच निवडतो, मीच फोडणी देतो. तुम्ही विचारलं जेवणात काय असते, मी सांगितलं."

खोटं कुठं बोलली बिचारी? घरात शिजलं ते सांगितलं. ताटात किती पडलं, हे आम्ही शिकल्यासवरल्या लोकांनी विचारलंच नव्हतं! आणि तिच्या वाट्याचे दोन चमचे उरले असते, ते मी दुसऱ्यांदा घेऊन खाऊन बसली. लाज वाटली. पण आनंद असा झाला की निघताना त्या पोरीले मिठीच मारली. ती लाजून आत पळाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

इंदुताईले सांगितलं. त्या मग सगळ्यांना बोलावून म्हणाल्या, "वीस वर्षं मी असंच विचारून राहिली. चूक फॉर्मची होती, म्हणजे माझी. कामिनी, माफ कर." एवढी मोठी बाई! मी पाया पडायले वाकली तर म्हणतात, "अवं सरक, काम कर." देव त्यांचं भलं करो. भूमिकाचं तर दुप्पट करो.

नवा प्रश्न ठरला — काल सगळे जेवल्यावर तुझ्या ताटात काय आलं? रिकामं ताट आणि चमचा हाती द्यायचा. वाढून दाखव म्हणायचं.

३ डिसेंबर

पहिलीच पोरगी म्हणाली, "ताई, घरचं सांगू का माझं सांगू?" हसता हसता डोळे भरले.

१९ डिसेंबर

जुळलं! नवं रक्त, नवा फॉर्म — शंभर टक्के नाही, पण जुळलं! नोकरी राहिली. भूमिकाच्या आईचा फोन आला: "आता तिची भाजी आधीच काढून ठेवतो ताई. माझी पण." किती जणींचे उपकार मानू!

२८ डिसेंबर, उमरेड

सुटीवर घरी आली. गंमत म्हणून आईलेच बसवलं ताट-चमचा घेऊन. मेथी आठवड्यातून तीनदा! चांगली तीन-तीन चमचे वाढून दाखवली तिनं. मी खूश. म्हटलं, "पहा, माझी आई पहिल्यापासून नीट खाते!"

"पहिल्यापासून कुठं वं," आई हसली. "तवा सारी तुझ्या डब्यात जाय. तू नागपूरले गेली, तवापासून उरते."