ठोकळ्यातली हवा

२३ सप्टेंबर २०२४, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी भलतीच खुशीत आहे. आर्वीहून निघताना आई म्हणत होती, पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये. परचुरेसरांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, फुलपाखरांना पंचांग नसतं, सोमवारी या.

नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. चौतीस पायऱ्या, खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचं दुकान. सर पूर्वी खडकीला कारखान्यात होते. आता एकटेच कॉलेजांसाठी फुलपाखरं रेझिनमध्ये बसवून देतात. उद्यानांतून आपोआप मेलेली फुलपाखरं येतात. ती ओलसर डब्यात मऊ करायची, पंख पसरून टाचणीनं अडकवायची, आठवडाभर वाळवायची. मग साच्यात अर्धं रेझिन, ते चिकट झालं की त्यावर फुलपाखरू, वर उरलेलं अर्धं. दुसऱ्या दिवशी काचेसारखा ठोकळा. सरांचा हात आता थरथरतो, म्हणून ओतायला मी.

त्यांनी केलेला नीलवंत फुलपाखराचा जुना ठोकळा बघितला. आत एक बुडबुडा नाही. माझी बी.एस्सी. वाया गेली म्हणणाऱ्या बाबांना फोटो पाठवला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
चार ओतले, चारही बिघडले. प्रत्येकात छातीपाशी बुडबुडा. सर भिंगातून बघून म्हणाले, आर्वीची हवा आपण बरोबर आणलेली दिसते.

खोलीवर येऊन उशी भिंतीवर फेकली.

१ ऑक्टोबर, मंगळवार
सगळं करून पाहिलं. रेझिनची बाटली कोमट पाण्यात ठेवली. ढवळताना काडी इतकी हळू फिरवली की मनगट दुखायला लागलं. फुलपाखराला आधी ब्रशनं पातळ थर दिला. वरून हेअर ड्रायर. तरी बुडबुडे. सातच बरे निघाले, एकेक बारीक ठिपका असलेले. सर म्हणाले, मुलं बघून बघून किती बघणार, चालतील. सातही कुरियरनं गेले. मला ते ‘चालतील’ फार लागलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
काल संध्याकाळी एक ठोकळा निर्दोष निघाला. मोबाइलवर फोटो आहे. आज त्याच ठोकळ्यात तीन बुडबुडे, एकाखाली एक.

कडक झालेल्या रेझिनमध्ये काही हलत नाही. काही येत नाही, जात नाही. सरांना दोन्ही दाखवलं. ते म्हणाले, फोटो नीट काढायला शिका.

बुडबुडे पोटाच्या कडेनं आहेत. फुलपाखराची श्वासरंध्रं असतात, बरोबर तिथेच. हेही मी बोलले. सर म्हणाले, मेलेलं श्वास घेत नाही, हे आर्वीच्या कॉलेजात शिकवत असतीलच.

७ ऑक्टोबर, सोमवार
जिना चढताना दोनदा बसले. तेवीस वर्षांची आहे मी. डॉक्टर म्हणाले, रेझिनच्या वासाची ॲलर्जी, मास्क लावा. छाती मात्र स्वच्छ आहे म्हणे. मग दम का लागतो विचारलं, तर पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

फडकं शोधताना कपाटात जुने ठोकळे सापडले. प्रत्येकावर चिठ्ठी – पूर्णिमा, आणि तारीख. पहिल्यात एक बुडबुडा. मग पाच. मग मोजता न येण्याइतके. शेवटचा आतून पांढराफेक, फुलपाखरू दिसतच नाही.

सरांना विचारलं. म्हणाले, तुमच्या आधीची मुलगी. हात चांगला होता. शेवटी जिना उतरेना, खुर्चीवर बसवून खाली नेली. पुढचं विचारलं तर त्यांनी पॉलिशचं मशीन सुरू केलं.

९ ऑक्टोबर, बुधवार
दुपारी सर घरी गेल्यावर तो तीन बुडबुड्यांचा ठोकळा समोर ठेवून बसले. श्वास घेताना मध्येच अडकला, अर्धाच आत आला. त्याच क्षणी फुलपाखराच्या पोटाशी बुडबुडा फुगला, थोडा वर सरकला, थांबला.

परत तसंच. सात वेळा बघितलं.

माझा आहे तो. तो माझा श्वास आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार
हातोडीनं फोडला. फस्स आवाज झाला, आणि छाती भरली. पूर्ण. रडू आलं. खोलीतले माझे सगळे फोडले. सर दारात उभे होते. म्हणाले, पूर्णिमालाही हेच वाटायचं. म्हटलं, मग तुम्ही तिचे का नाही फोडले? ते चष्मा पुसत राहिले.

पण संध्याकाळी पुन्हा दम. ते सात – कुरियरनं गेलेले. ते बाहेर आहेत.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळपासून त्या कॉलेजांना फोन करतेय. एका कॉलेजात सुट्टी. एकानं विचारलं, मॅडम, पाठवलेला माल स्वतःच का फोडायला सांगता. एक म्हणाला लेखी अर्ज करा, विभागप्रमुखांची सही लागेल. एकीनं हसून फोन ठेवला. खडकीच्या पलीकडच्या कॉलेजातले प्रयोगशाळेचे शिपाई गेनबामामा तेवढे बरे. म्हणाले, कपाटाची चावी मिळाली की फोन करतो.

वाक्य पुरं करायला तीन वेळा थांबावं लागतं. आईला फोन केला – ती हॅलो हॅलो – तिला वाटलं रेंज नाही –

दुपार
सर घरी. जिना नको. सहा पायऱ्या उतरले, परत आले. बसून लिहिते. लिहायला श्वास लागत नाही –

मामांचा फोन, कॉलेजच्या लँडलाइनवरून. स्पीकरवर आहे. म्हणतायत, पोरी, चावी मिळाली, ठोकळा हातात हाय माझ्या. आत लई बुडबुडे झालेत, वाढतायत. फोडू, का परत पाठवू?

तोंड उघडलं. आवाज नाही. टेबलावर हात आपटला. ते म्हणतायत, आवाज येईना पोरी, बोल की. परत पाठवू म्हणतेस का?

फोडा. एवढंच. दोन अक्षरं. दोन अक्षरांपुरता –

म्हणतायत, बरं, मग खोक्यात भरतो, ठेवू का फोन –

नको मामा फो